उंगातआजोबांची संमती

पोंटियानाक,
१० जून २०१३

तीर्थस्वरूप तिपोंगआत्यास,
बोनीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

सुगीच्या सणाला आलो नाही म्हणून तू रागावली असशील. रोसिंताने बसच्या ड्रायव्हरबरोबर कॉफीचा डबा पाठवला आहे. तो लाच समजू नकोस. समजलीस तरी परत पाठवू नकोस. सण चुकला तो ऑफिसमुळे, आणि ऑफिसात जो गोंधळ झाला तो आपल्या गावामुळे.

सविस्तर सांगतो. ओंडके परदेशी पाठवायला सरकारची बंदी आहे, म्हणून आमची कंपनी फळ्या आणि प्लायवूड करून हॉलंडला पाठवते. आता तिकडचं गिऱ्हाईक म्हणतं, फळी ज्या जंगलातून आली तिथल्या माणसांची राजीखुशी कागदावर दाखवा, नाहीतर माल बंदरात पडून राहील. हे कागद जमवणं माझं काम. सगळं गाव एका छपराखाली राहतं त्या आपल्या लांबघरामागच्या टेकडीवरून, जुन्या राईतून, कंपनीला रस्ता न्यायचा आहे. त्याचं संमतीपत्र मार्चमध्ये आपले मुखिया जाबूकाका यांच्याकडून आलं आणि मी समाधानाने फाईलला लावलं. जागेचा मालक: उंगात. खाली अंगठा, दोन साक्षीदार. आपल्यात नावं फिरून फिरून येतात, असेल कुणी नवा उंगात, असं मला वाटलं.

परवा हॉलंडच्या तपासनीस बाईंनी फाईल चाळली आणि फार गोड हसून सांगितलं की ऑगस्टमध्ये त्या स्वतः गावी जाणार आहेत आणि श्री. उंगात यांच्याशी बोलणार आहेत.

आत्या, उंगात म्हणजे तुझे पणजोबाच ना? ते तर जपानी यायच्या आधीच वारले. आमचे हेरमावान साहेब रोज विचारतात, श्री. उंगात यांची तब्येत बरी आहे ना. मी काल सांगितलं, पूर्वीसारखीच आहे.

जाबूकाकांनी असं का केलं ते विचारून कळव. माझी बढती या फाईलवर अडली आहे. साहेबांनी मला माझी नवी खुर्चीसुद्धा दाखवून ठेवली आहे. ती गोल फिरते.

रागावलीस तरी पत्र लिही, एवढीच विनंती.
तुझा,
बोनी

*

नांगा तेमुलुन,
२४ जून २०१३

चि. बोनीस अनेक आशीर्वाद. त्यातले निम्मे राखून ठेवले आहेत, ते संमतीपत्र फाडल्यावर देईन.

कॉफी चांगली आहे. तुझी अक्कल मात्र त्या गोल फिरणाऱ्या खुर्चीत बसायच्या आधीच फिरलेली दिसते. उंगात कोण, हे तू मला विचारतोस? ज्या दुरियानखाली तू पाच वर्षांचा असताना पोट फुगेपर्यंत खाल्लंस आणि दोन दिवस माझ्या मांडीवर कण्हत पडलास, ते झाड उंगातआजोबांनी लावलं. त्या टेकडीवर त्यांचं लांबघर होतं. लांबघर हललं, झाडं राहिली. आपल्यात झाड लावणाऱ्याचं असतं. तो मेला म्हणून ते दुसऱ्याचं होत नाही. त्याच्या लेकीसुनांनी, नातवापणतवांनी, जगात कुठेही गेले असले तरी, त्याखाली बसून खावं. तोडायचं असेल तर सगळ्यांना विचारावं. मुखिया राईचा मालक नव्हे. पाहुण्यांशी गप्पा मारायचा मान तेवढा त्याचा.

आणि तुमच्या रस्त्याबद्दल मला भूगोल शिकवू नकोस, एकतीस वर्षं मीच तो शाळेत शिकवला. सरळ जायचं तर नदीकाठाने उत्तम वाट आहे. पण रस्त्यासाठी पाडलेलं झाड कंपनीच्या पदरात पडतं, म्हणून कंपन्यांचे रस्ते जाड बुंधे हुंगत हुंगत वाकडे जातात. तिकडे हॉलंडमधल्या माणसाला जेवणाच्या मेजाशी बसल्यावर घास गोड लागला पाहिजे, म्हणून त्याला कागद हवा. त्याचा घास गोड व्हावा म्हणून माझ्या पणजोबांचा अंगठा?

जाबूला मी विचारलं आहे. त्याचं उत्तर माझ्या हाताने लिहिणार नाही. त्याचं त्याने कळवावं.

तब्येतीला जप, रोसिंताला आशीर्वाद.
तुझी (अजून तरी),
तिपोंगआत्या

*

नांगा तेमुलुन,
२६ जून २०१३

चि. बोनीस जाबूकाकाचे आशीर्वाद. मी सांगतो आहे आणि चर्चमधले गुरुजी लिहून घेत आहेत. अक्षर त्यांचं, चूक असलीच तर ती माझी.

बाळा, मी खोटं काही लिहिलेलं नाही. कंपनीचे चार जण आले. त्यांनी विचारलं मालक कोण, मी खरं ते सांगितलं. त्यांनी अंगठा मागितला. मालक हजर नव्हता, म्हणून मी त्याच्या वतीने दिला आणि लगेच टेकडीवर जाऊन दुरियानच्या मुळाशी आपली तांदळाची तुआक ओतून त्याला तसं सांगूनही आलो. तो हो म्हणाला नाही, पण नाहीही म्हणाला नाही.

तू म्हणशील, मुळात अंगठा दिलाच का? पाहुणे तीन वाट्या तुआक पिऊन बसले होते. तीन वाट्या घेतलेल्या पाहुण्याला नाही म्हणायचं तर आधी चौथी द्यावी लागते, आणि घरातली तुआक संपली होती. शिवाय ते रस्ता म्हणाले तेव्हा मला वाटलं पायवाट करतील, म्हणजे दुरियानच्या दिवसांत भावकी येते तिच्या चपला चिखलात रुतणार नाहीत. त्या वाटेवरून ओंडक्यांचा ट्रक जाणार हे मला नंतर तिपोंगने सांगितलं. तिने माझ्याशी बोलणं सोडलं आहे. बोलणं सोडलं आहे हे सांगायला ती दिवसातून तीनदा येते.

तुझी नोकरी माझ्यामुळे जाणार असेल तर मला वाईट वाटेल. इकडे ये, डुक्कर कापू.

माया आहे ती कमी करू नकोस.
जाबूकाका
(अंगठा, हा माझाच आहे)

*

पोंटियानाक,
९ जुलै २०१३

तीर्थस्वरूप आत्यास,
बोनीचा दंडवत. वि. वि.

तुझं आणि काकांचं पत्र एकाच बसने आलं. तुझं वाचून ताप आला, त्यांचं वाचून उतरला.

मी मार्ग काढला आहे. गिऱ्हाइकाच्या नियमात लिहिलं आहे की संमती त्या त्या लोकांच्या स्वतःच्या रीतीप्रमाणे घ्यावी. मालक मयत असेल तर वारसांची चालेल. साहेब खूष झाले. म्हणाले, मग वारसांची यादी मागव, माणूस पाठवून सह्या घेऊ. तेव्हा उंगातआजोबांच्या वारसांची नावं तेवढी लिहून पाठव. माझ्या अंदाजाने वीस-पंचवीस असतील.

तू कंपनीवर आग पाखडतेस तेव्हा एक गोष्ट विसरतेस. बिनकागदाची लाकडं आजही सरहद्दीपलीकडे जातातच. तिथे कुणी उंगात कोण म्हणून विचारत नाही, सरळ करवत लावतात. आमच्याकडे निदान प्रत्येक ओंडक्यावर पट्टी असते आणि तो कुठल्या बुंध्याचा ते सांगता येतं. चारशे घरं या गिरणीवर जेवतात, त्यांत माझंही एक आहे. कागद मागणारा माणूस तुला ढोंगी वाटतो. मला वाटतं, न मागणाऱ्यापेक्षा तो बरा.

यादी पाठवशील ना? रोसिंता म्हणते, आत्यांना सांगा की सुनेला कॉफीची पोच अजून मिळालेली नाही.

आशीर्वादाचा उरलेला निम्मा हप्ता मागणारा,
बोनी

*

नांगा तेमुलुन,
२८ जुलै २०१३

चि. बोनीस अनेक आशीर्वाद. सुनेला वेगळे, जास्त.

तुझा मुद्दा मी दोनदा वाचला. तो मूर्ख नाही, म्हणूनच जास्त राग आला. चोर विचारत नाही हे खरं. पण तुम्ही विचारता ते हो ऐकायला विचारता. नाही ऐकायची तयारी नसेल तर ते विचारणं कसलं?

असो. यादी सोबत आहे. शाळेच्या नऊ वह्यांत आहे, म्हणून बसवाल्याने तिचं अर्धं तिकीट घेतलं. वीस-पंचवीस तू कुठून आणलेस? उंगातआजोबांना सात मुलं होती आणि सातही जणांनी आळस केला नाही. आपल्याकडे मुलीची मुलंही वारस, हे शहरात राहून विसरलास वाटतं. पंधरा दिवस आम्ही म्हाताऱ्या ओसरीवर चटया टाकून बसलो. पिढ्या तोंडपाठ म्हणत गेलो आणि मी लिहीत गेले. एकूण चारशे एकतीस.

तुमच्या माणसाला त्रास नको म्हणून पत्तेही दिले आहेत. एक नन आहे, फ्लोरेस बेटावर. एक ब्रुनेईत तेलाच्या विहिरीवर. एक सिंतांगच्या तुरुंगात. तो कळवतो की सहीसाठी कधीही या, मी घरीच असतो. लान्याक गावच्या एका चुलत्याला आम्ही मयत लिहिलं होतं, तो स्वतः येऊन हरकत घेऊन गेला आणि जेवूनही गेला. चुलत भावंडांची आपसांतच लग्नं झालेली अकरा जोडपी आहेत. त्यांची मुलं दोन्हीकडून वारस आहेत, त्यांच्या दोन-दोन सह्या घ्याव्यात असा जाबूचा आग्रह होता. मी नको म्हटलं. नियम कंपनीचा आहे, छळ किती करायचा याला मर्यादा असावी.

आणि क्रमांक २१३ वाच. नाव ओळखीचं वाटेल. आरशात बघून खात्री करून घे.

माझे गुडघे तसेच आहेत, आवाज शाबूत आहे.
लोभ तुझ्या बाजूनेही असू दे.
तिपोंगआत्या

*

पोंटियानाक,
२० ऑगस्ट २०१३

तीर्थस्वरूप आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्या नऊ वह्या साहेबांच्या टेबलावर ठेवल्या तेव्हा त्यांनी आधी पहिली उघडली, मग शेवटची. मग म्हणाले, हे सगळे जिवंत आहेत का? मी म्हटलं, एकाने तसं लेखी कळवलं आहे. मनातून मला हसू येत होतं, तुझा अभिमानही वाटत होता. वाटलं, आता रस्त्याचं बारगळलं.

पण साहेबांनी प्रत्येक सहीला एक भात शिजवायचा कुकर ठेवला. आत्या, तीन आठवड्यांत तीनशे अठ्ठ्याण्णव सह्या आल्या. ब्रुनेईवाल्याने विमानाच्या टपालाने पाठवली. पोंटियानाकमधली भावकी तर सही करून माझ्या घरी येते आणि विचारते, हिरवा मिळेल का, लाल नको. ननने कुकर परत केला आणि चार पानी पत्र धाडलं. ते वाचायला साहेबांनी मला बसवलं.

उरलेल्या तेहेतीसांत तू आहेस, गावातले सत्तावीस जण आहेत, नन आहे, आणखी तिघे आहेत. आणि २१३.

आता कंपनीचा वकील म्हणतो, बहुमत झालं, पुरे आहे. तपासनीस बाई म्हणतात, तुमच्या लोकांची रीत काय सांगते ते एका पानावर लिहून द्या, आम्ही तेच धरू. बहुमत चालतं की सगळेच लागतात? हे पान लिहिणारा ऑफिसात आपल्यातला माणूस एकच. साहेबांनी दार लावून मला समजावलं की बहुमत लिही, स्वतःची सही कर आणि सोमवारी नव्या खुर्चीत बस. ते काही वाईट माणूस नाहीत. माझ्या थोरलीची शाळेची फी मागे त्यांनीच भरली होती.

बाई सव्वीसला गावी पोहोचतील. तू भाषण करू नकोस, एवढी विनंती. तू गप्प राहिलीस तर मला काहीतरी मधलं लिहिता येईल.

काय लिहू ते कळव. खरंच विचारतो आहे.
बोनी

*

नांगा तेमुलुन,
२ सप्टेंबर २०१३

चि. बोनीस आशीर्वाद.

तुझ्या बाई येऊन गेल्या. मी भाषण केलं नाही. फक्त दीड तास बोलले. त्यांनी आधी जाबूला विचारलं, उंगात कुठे भेटतील. जाबू त्यांना टेकडीवर घेऊन गेला, तिसऱ्या दुरियानच्या बुंध्यावर हात ठेवून म्हणाला, हे आमचे उंगात, आणि उंगातना म्हणाला, या हॉलंडच्या बाई, लांबून आल्या आहेत, यांच्यासमोर फळ टाकू नका. बाईंनी झाडाला वाकून नमस्कार केला. माझं मत त्यांच्याबद्दल जरा सुधारलं.

कुकरचं ऐकून मी दोन दिवस जेवले नाही. लांबघरातही चाळीस आले आहेत, आणि इथे वीज नाही. त्यांत कोंबड्या अंडी घालतात. मी हसते आहे असं समजू नकोस. मला वाटलं होतं, यादी चारशेची झाली की राई वाचली. मी आकड्यावर विसंबले, तुझ्या साहेबासारखीच. आपली माणसं अशी पटकन हो म्हणतील हे मला दिसलं नाही. त्यांना दोष द्यायलाही जीभ वळत नाही. झाड पाहून वीस वर्षं झालेल्या माणसाला झाडाची आठवण किती दिवस पुरणार? कुकर समोर असतो.

पण आता ऐक. चारशेत एक जण नाही म्हणाला तर झाड उभं राहतं, ही आपली रीत. वकिलाला ती वेडेपणाची वाटेल. मलाही तरुणपणी वाटायची. आता वाटत नाही. माणसं कधी भुकेली असतात, कधी कर्जात, कधी प्यालेली, कधी नुसती भिडस्त असतात जाबूसारखी. चारशे माणसांना एकाच महिन्यात भुलवता येतं, हे आपल्या म्हाताऱ्यांना तुझ्या साहेबाच्या आधी ठाऊक होतं. म्हणून त्यांनी एक पुरे ठरवला. ज्या झाडाला वाढायला शंभर वर्षं लागली, ते पाडायचा निर्णय एका महिन्यात, हात मोजून होता कामा नये. हे मी बाईंना सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. पण त्या म्हणाल्या, पान बोनीकडूनच यायला हवं.

तो एक मी होऊ शकते. झालेच आहे. पण म्हातारी हट्टी बाई म्हणून मला बाजूला काढणं सोपं आहे. आणि तू काय लिहावंस ते, जन्मात पहिल्यांदा, मी तुला सांगणार नाही. तुझ्या घरात तीन मुली आहेत, फी मला भरता येत नाही. बहुमत लिहिलंस तरी तू माझा भाचा राहशील. फक्त दुरियान खायला येऊ नकोस, कारण दुरियान नसेल.

तुझी,
आत्या

*

पोंटियानाक,
१४ ऑक्टोबर २०१३

तीर्थस्वरूप आत्यास,
बोनीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पान लिहिलं. पान कसलं, एक ओळच झाली: सगळे लागतात. खाली सही केली. मग यादीत क्रमांक २१३ पुढे ‘नाही’ लिहिलं आणि तिथेही सही केली. दोन्ही सह्या सारख्या आल्या, यात मला उगाचच बरं वाटलं.

साहेबांनी कागद वाचून विचारलं, हा २१३ कोण आहे, याला काय हवं आहे, दुसरा कुकर? मी म्हटलं, त्याच्याकडे कुकर आहे. ते म्हणाले, समजावून बघ. मी म्हटलं, चौतीस वर्षं त्याच्याबरोबर राहतो आहे, अवघड वाटतं. ते म्हणाले, मग त्याला माझ्यासमोर आण. मी म्हटलं, बसला आहे. त्यानंतर साहेबांनी चष्मा काढून पुसला, आणि पुसतच राहिले.

खुर्ची दुसऱ्याला मिळाली. मला सिंतांगच्या वखारीत पाठवलं आहे, ओंडक्यांवरच्या पट्ट्या तपासायला. पगार कमी. रोसिंताने दोन दिवस भांडी आपटली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, ती खुर्ची तशीही दिसायला वाईट होती, आणि थोरलीचं नाव सरकारी शाळेत घालून आली.

राई वाचली. बाईंनी माझी ओळ धरली. पण आनंद करू नकोस, पुढचंही सांगायला हवं. रस्ता रद्द झालेला नाही. तो सहा किलोमीटर पूर्वेला सरकला आहे, ओढ्यापलीकडच्या नांगा सेबुलुहच्या टेकडीवरून जाईल. त्यांचं संमतीपत्र आठवड्यात आलं. मालक म्हणून त्यांच्या मुखियाचं नाव आहे आणि स्वच्छ सही आहे. या वेळी चुकीला जागाच नाही, म्हणून कुणी काही विचारणार नाही. काम सुरू व्हायला जानेवारी उजाडेल. मी वखारीत ओंडके पाहतो आणि माझ्या ‘नाही’चा अर्थ काय झाला ते मोजतो.

तुझा,
बोनी

*

नांगा तेमुलुन,
५ नोव्हेंबर २०१३

चि. बोनीस अनेक, अनेक आशीर्वाद. राखून ठेवलेलेही यात आले.

तुझं पत्र मी ओसरीवर मोठ्याने वाचलं. ‘बसला आहे’ इथे जाबूने मला पुन्हा वाचायला लावलं, तीनदा. आम्ही आता बोलतो. तो लांबघरात सगळ्यांना सांगतो आहे की २१३ ला त्याने लहानपणी पोहायला शिकवलं.

पण तुझं शेवटचं वाक्य मला टोचलं, कारण ते खरं आहे. आपली राई राहिली आणि शेजाऱ्याची गेली, तर आपण फक्त संकट ढकललं. तेव्हा गेल्याच्या गेल्या रविवारी मी, जाबू आणि सात बायका होडीने नांगा सेबुलुहला गेलो. त्यांच्या मुखियाने स्वागत केलं, तुआक दिली, सही झाली आहे म्हणाला, आता बोलून काय उपयोग. जाबू म्हणाला, मीही तसंच म्हणत होतो, मग माझ्या बहिणीने नऊ वह्या आणल्या. मी विचारलं, टेकडीवरची झाडं लावली कुणी? मुखिया छताकडे पाहू लागला. मागे बसून सुपारी कातरत असलेली एक आजी म्हणाली, माझ्या आजीने, तिला कुणी विचारलं होतं का? मी म्हटलं, आजी, तुमच्या आजीला मुलं किती? ती म्हणाली, नऊ, बस तर खरी.

आम्ही बसलो. रोज होडीने जातो. यादी एकशे नव्वदवर आली आहे आणि अजून थोरल्या लेकीचीच शाखा चालू आहे. मुखियाची बायको त्यात एकशे बाराव्या क्रमांकावर निघाली. तिला त्या सहीबद्दल कुणी विचारलं नव्हतं. ते तिने त्याला आमच्यासमोरच सांगितलं, बराच वेळ सांगितलं.

आता तुझं काम. तपासनीस बाईंचा पत्ता पाठव. कोरे फॉर्म कसे असतात, कुठल्या रकान्यात काय लिहायचं, ते तुझ्याइतकं इथे कुणाला कळत नाही. वखारीतून पाच दिवसांची रजा काढ, रोसिंताला आणि मुलींना घेऊन ये, आणि येताना वह्या आण. डझनाने आण. नऊ मुलं होती रे तिला.

लोभ आहेच, आता हातही लागू दे.
तुझी,
तिपोंगआत्या